गोधडी : मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(विशेष संदर्भ : पाली, जि. बीड)

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, महसुली दप्तरे व वृत्तपत्रे ही साधने अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. परंतु समाजातील ज्या घटकांनी काही लिहून ठेवले नाही, त्यांच्या जीवनाचा शोध घेताना ही साधने अपुरी पडतात. ग्रामीण स्त्री हा असाच एक घटक आहे. तिने शेतात राबून पिकवलेल्या धान्याची नोंद महसुलात आली, पण घरात बसून तिने जे निर्माण केले त्याची नोंद कोणत्याही दप्तराने घेतली नाही. गोधडी ही अशा नोंद नसलेल्या निर्मितीपैकी एक होय.

प्रस्तुत लेखात पाली व परिसराच्या संदर्भात गोधडीचा विचार केला आहे. गोधडी म्हणजे 'मायेची ऊब' एवढ्यावर आपले साहित्यिक व सांस्कृतिक विवेचन बहुधा थांबते. हे वर्णन खोटे नाही; परंतु अपुरे आहे. गोधडी का शिवली जात होती, कोणत्या कापडाची शिवली जात होती, ते कापड कोठून येत होते आणि शिवणारीच्या श्रमाचे मोल कोणी केले, हे प्रश्न विचारले म्हणजे गोधडी भावनेच्या कक्षेतून इतिहासाच्या कक्षेत येते. गोधडीचा इतिहास हा मूलतः कापडाच्या टंचाईचा व स्त्रीच्या श्रमाचा इतिहास आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. गोधडीचे शिवणतंत्र जाणल्याशिवाय हा इतिहास वाचता येत नाही, म्हणून तंत्राचे विवेचनही येथे सविस्तर केले आहे.

शब्दविचार :

मराठीत या वस्तूला गोधडी व वाकळ अशी दोन नावे प्रचलित आहेत. प्रदेशानुसार एखादे नाव अधिक रूढ दिसते. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हे दोन्ही शब्द आढळतात. गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी व कन्नडमध्ये कौदी हे शब्द आहेत. संस्कृतात 'कंथा' हा शब्द असून नाथपंथी जोग्याच्या वेशात कंथेला स्थान आहे. एवढ्या विस्तृत प्रदेशात एकाच वस्तूसाठी नावे रूढ असणे, ही वस्तू कोणा एका जातीची वा प्रांताची नसल्याचे द्योतक आहे.

गोधडीच्या कुळातील इतर वस्तूंचा भेदही लक्षात घेणे आवश्यक आहे. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाचे लहान 'दुपटे' असते आणि बाळंतविड्यात त्याला मानाचे स्थान आहे. 'चौघडी' म्हणजे चार पदरी पांघरूण. 'रजई' व 'गादी' यांत पिंजलेला कापूस भरतात व ते काम पिंजाऱ्याकडून दाम देऊन करून घ्यावे लागते. 'घोंगडी' ही लोकरीची. ती मागावर विणली जाते. गोधडीला मात्र पिंजारी लागत नाही, माग लागत नाही. जुने कापड, सुई, दोरा आणि वेळ एवढ्यावर ती उभी राहते. म्हणूनच ज्या घरात पैसा नव्हता त्या घरातही गोधडी होती.

पाली : भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी :

पाली हे बीड तालुक्यातील गाव बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. बिंदुसरा प्रकल्प याच परिसरात आहे. दक्षिणेला बालाघाटचे डोंगर आहेत. उन्हाळा कडक, पाऊस बेभरवशाचा आणि हिवाळ्याच्या रात्री बोचऱ्या थंडीच्या, असे येथील हवामान आहे. जमीन हलकी ते मध्यम असून ज्वारी, बाजरी व कापूस ही येथील परिचित पिके होत.

बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. या प्रदेशाच्या वस्त्रपरंपरेत पैठणची पैठणी आणि छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) हिमरू व मशरू यांचा गौरवाने उल्लेख होतो. ही दरबारी व श्रीमंती वस्त्रे होती. त्याच प्रदेशात कापूस पिकवणाऱ्या कुटुंबाच्या अंगावर काय होते, रात्री पांघरायला काय होते, याचे उत्तर पैठणीत सापडत नाही. ते गोधडीत सापडते. शेतकरी कापूस विकत होता आणि कापड विकत घेत होता. या दोन व्यवहारांतील तफावत त्याच्या घरात ठिगळांच्या रूपाने शिल्लक राहत होती.

लुगड्याचे आयुष्य :

गोधडी समजून घेण्यासाठी तिच्या आधीचे लुगडे समजून घ्यावे लागते. नवे लुगडे प्रथम सणासुदीला, लग्नकार्याला नेसले जाई. मग ते रोजच्या वापरात येई. बसण्या-उठण्याने ते मध्यभागी विरले की झिजलेला भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे पुन्हा जोडत. या जोडणीला 'दंड घालणे' म्हणतात. दंड घातलेले लुगडेही नेसवेना झाले की ते गोधडीत जाई. गोधडीही फाटली की तिची आणखी एका नव्या गोधडीत भर होई आणि अखेर उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे किंवा काकडा होई. म्हणजे एका वस्त्राचे किमान चार-पाच जन्म होत असत. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण काटकसरीच्या उपदेशासाठी वापरतो. पण ते अंथरूण सिद्ध करण्यासाठी किती वर्षांचे कापड साठवावे लागे, याचा विचार क्वचितच केला जातो.

मापाच्या दृष्टीनेही लुगडे व गोधडी यांचे नाते जुळलेले आहे. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट लांबीचे वस्त्र. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांबी मिळते. रुंदी साधारण चार फूट असते. म्हणजे एक लुगडे कात्री न लावता चौघडी घातले तर एका माणसाला पुरेल असे चार पदरी पांघरूण तयार होते. दोघांसाठी गोधडी हवी असल्यास दोन पाट जोडावे लागतात. हे गणित शाळेत शिकवले जात नव्हते. ते हातात होते.

गोधडी शिवण्याचे तंत्र :

गोधडी शिवणे हे कसब आहे. तथापि त्याच्या पायऱ्या सोप्या असून नवशिक्यालाही त्या आत्मसात करता येतात. त्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) निवड व तयारी : जुने कपडे स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावेत. शिवण, बटणे, हूक काढून टाकावेत. कापडाचे तीन गट करावेत. धड व रंग टिकून असलेले कापड वरच्या पदरासाठी, मजबूत पण फिके कापड खालच्या अस्तरासाठी आणि विरलेले कापड मधल्या भरीसाठी ठेवावे. सुती कापड सुती कापडाबरोबरच वापरावे, कारण निरनिराळे धागे धुतल्यावर कमी-अधिक आटतात व गोधडीला सुरकुत्या पडतात.

२) फाडणे : शक्य तेथे कापड कापण्याऐवजी फाडावे. फाडलेले कापड धाग्याच्या रेषेत सरळ निघते; त्यामुळे चौकोन चौकोनच राहतो. तिरके कापलेले तुकडे ताणले जातात आणि जोडताना कडा जुळत नाहीत.

३) वरचा पदर जोडणे : लहान तुकडे असतील तर प्रथम दोन तुकडे जोडून पट्टी करावी आणि मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. चौकोन व त्रिकोण हे नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचे आकार होत. चौकोन कर्णावर दुमडून कापला की दोन त्रिकोण मिळतात. गडद व फिके त्रिकोण आलटून पालटून लावले की कोणतेही भरतकाम न करता नक्षी उमटते.

४) अंथरणे : सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर प्रथम अस्तर पसरावे व कोपऱ्यांवर वजन ठेवावे. त्यावर भर एकसारखी लावावी. भरीचे तुकडे एकमेकांवर थोडेसेच चढावेत. अन्यथा गाठ झाल्यासारखे उंचवटे येतात. सर्वांत वर जोडलेला पदर घालून हाताने मध्यापासून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात.

५) टाचणे : सर्व पदर हलू नयेत म्हणून हातभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालावेत. नवशिका बहुधा ही पायरी गाळतो आणि गोधडी वाकडी होते ती येथेच.

६) धावदोरा : मोठ्या सुईने सर्व पदरांतून आरपार जाणारा धावदोरा घालावा. दोन ओळींत एक ते दोन बोटांचे अंतर ठेवावे. ओळी समांतर असू शकतात किंवा कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन अशा मध्याकडे नेता येतात. दुसऱ्या पद्धतीत चार बाजूंना चार जणी बसून एकाच वेळी शिवू शकतात. दोऱ्याला मेण लावल्यास तो गुंतत नाही. दोरा फार ओढू नये, त्याने कापड गोळा होते.

७) काठ : शेवटी कडा आत दुमडून किंवा लुगड्याचा काठ लावून बंद कराव्यात. लुगड्याचा काठ घट्ट विणीचा असतो व अंगापेक्षा उशिरा फाटतो. म्हणून गोधडीच्या सर्वाधिक झिजणाऱ्या जागी तो लावणे शहाणपणाचे ठरते.

या तंत्रात शास्त्र आहे. पदरांच्या मध्ये अडकून राहिलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे अनेक पातळ पदर एका जाड कापडापेक्षा अधिक ऊब देतात. धावदोरा पदरांना एकत्र ठेवतोच, शिवाय एका ठिकाणी फाटलेले कापड पुढे फाटत जाणे प्रत्येक ओळीपाशी थांबते. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. परंतु गोधडी फाटली तर ठिगळ लावता येते आणि तेही तिच्या रचनेचाच भाग होऊन जाते.

ठिगळांच्या वस्त्राची परंपरा :

ठिगळांच्या वस्त्राला भारतीय परंपरेत केवळ दारिद्र्याचा नव्हे, तर वैराग्याचाही अर्थ आहे. बौद्ध विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंच्या चीवराचे नियम येतात. टाकून दिलेल्या कापडाचे 'पांसुकूल' चीवर ही कल्पना तेथे आहे. मगधातील बांधांनी विभागलेल्या शेतांप्रमाणे तुकडे जोडून चीवर करावे, असे बुद्धाने आनंदाला सुचविल्याचा व आनंदाने तशी रचना केल्याचा वृत्तांत त्यात आहे. तुकडे केलेल्या कापडाला बाजारात मोल राहत नाही, म्हणून ते चोरीस जात नाही, हाही त्यामागील व्यावहारिक विचार होता. नाथपंथाच्या कंथेमागेही संग्रहत्यागाची हीच भूमिका आहे.

महाराष्ट्रात संत गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) लोक 'गोधडे महाराज' म्हणत, ते त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या कर्जत (जि. अहिल्यानगर) येथील ग्रामदैवतवत् संतही 'गोधड महाराज' याच नावाने पूजले जातात. यावरून असे दिसते, की लोकमानसाने ठिगळांच्या वस्त्राला आदराचे स्थान दिले. मात्र ते वस्त्र पुरुष संन्याशाने धारण केल्यावर. तेच वस्त्र घरातील स्त्रीने दरवर्षी शिवले, तेव्हा ते घरकाम ठरले.

या संदर्भात बीड जिल्ह्यातीलच एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपले 'पंचीकरण' कागदाऐवजी कापडावर लिहिले. सुमारे चाळीस फूट लांबीची ही 'पासोडी' अंबाजोगाई येथे जतन झाली आहे आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. पासोडी म्हणजे मूळचे जाडसर पांघरण्याचे वस्त्र. त्यावर अक्षरे उमटली म्हणून ती चारशे वर्षे जपली गेली. ज्या पांघरुणांवर फक्त टाके उमटले, त्यांतील शंभर वर्षांपूर्वीचे एखादे या जिल्ह्यात शोधू म्हटले तरी हाती लागणे कठीण. दासोपंतांच्या पासोडीचे महत्त्व याने कमी होत नाही. काय जपायचे हे आपण कोणत्या निकषावर ठरवतो, एवढेच या तुलनेतून स्पष्ट होते.

जुने कापड आणि जातिव्यवस्था :

गोधडीविषयी लिहिताना एका वास्तवाकडे डोळेझाक करता येत नाही. सर्व घरांतील जुने कापड सारखे नव्हते. शेतकरी कुटुंबाच्या गोधडीत आजीचे लुगडे व आजोबांचे धोतर असे. ज्यांना नवे कापड घेणेच शक्य नव्हते आणि ज्यांच्यावर रूढीने इतरांची उतरलेली वस्त्रे लादली होती, त्यांच्या गोधडीत परक्यांची वस्त्रे असत. गावगाड्यात महारांच्या तथाकथित हक्कांमध्ये प्रेतावरील कापडाचा समावेश होता. अशा घरात गोधडीचा प्रत्येक तुकडा आठवण देत असे हे खरे, पण ती आठवण कशाची, हा प्रश्न निराळा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत सोडण्याचे व स्वच्छ राहणीचे आवाहन केले. वस्त्र हा आत्मसन्मानाचा प्रश्न आहे, ही जाणीव त्यामागे होती. त्यामुळे गोधडीचा सरसकट गौरव करणे अभ्यासकाला परवडणारे नाही. तीच वस्तू एका घरात वारसा असते आणि दुसऱ्या घरात लाचारीची खूण असते. इतिहासाने दोन्ही नोंदी घ्यावयास हव्यात.

कापड बदलले, गोधडी बदलली :

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरणी सुरू झाली आणि पुढील काळात गिरणीचे कापड खेड्यापर्यंत पोहोचले. हाताने कातलेल्या सुताच्या जाड कापडाची जागा हळूहळू पातळ, एकसारख्या विणीच्या कापडाने घेतली. पातळ कापडाचे पदर अधिक लागतात, पण गोधडी मऊ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई झाली. १९४३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कापड व सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. अशा काळात जुन्या कापडाचे मोल वाढणे स्वाभाविक होते.

खरा बदल १९७० नंतरच्या काळात झाला. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या ग्रामीण बाजारात आल्या. त्या स्वस्त होत्या, लवकर वाळत व फाटत नसत. कष्टकरी स्त्रीच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता. मात्र गोधडीच्या दृष्टीने हे कापड प्रतिकूल ठरले. ते घाम शोषत नाही, त्याचे पदर एकमेकांवरून घसरतात आणि ठिणगी पडली तर ते वितळते. शिवाय ते विरत नसल्याने 'आता हे गोधडीत घालावे' अशी अवस्थाच लवकर येत नाही.

दुसरीकडे बोहारीण हा जुन्या कपड्यांना नवा मार्ग मिळाला. जुने कपडे देऊन स्टीलचे भांडे घेण्याचा व्यवहार शहरांतून निमशहरी भागात पसरला. ज्या लुगड्याची पूर्वी गोधडी होत असे, त्याचे आता पातेले होऊ लागले. त्यानंतर यंत्रावर तयार झालेली स्वस्त ब्लँकेटे आठवडी बाजारात आली. आठवडाभर बसून शिवण्यापेक्षा दिवसाच्या मजुरीत ब्लँकेट घेणे परवडू लागले. गोधडी मागे पडण्याचे कारण 'नव्या पिढीला आवड उरली नाही' असे सांगितले जाते. वस्तुतः ते कारण अर्थशास्त्रीय आहे : कापड स्वस्त झाले आणि स्त्रीच्या वेळेला बाहेर काही ना काही मोल मिळू लागले.

दुष्काळ, स्थलांतर आणि गोधडी :

बीड जिल्ह्याच्या संदर्भात गोधडीचा विचार ऊसतोडणीशिवाय पूर्ण होत नाही. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची संख्या वाढत गेली. तोडणीसाठी लागणारे मजूर बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातून जाऊ लागले. १९७२ च्या दुष्काळाने या स्थलांतराला वेग दिला. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक 'कोयता' धरला जायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, हा क्रम अनेक कुटुंबांचा झाला.

या प्रवासात बरोबर जाणारे सामान मोजकेच असते : भांडी, पीठ-मीठ, कोयता आणि गोधड्या. फडाजवळच्या कोपीत जमिनीवर पाचट पसरून त्यावर गोधडी अंथरायची, हीच तेथील शय्या. ऊसतोडणी ऐन थंडीत आणि पहाटेपासून चालते. त्यामुळे पांघरूण ही चैन नसून कामाच्या साधनांइतकीच गरज ठरते. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण ओढ्या-नदीवर नेऊन धुण्याची प्रथा मराठवाड्यात आहे. धार्मिक शुद्धीची ही प्रथा आणि टोळी निघण्याची वेळ लागोपाठ येतात. धुतलेली गोधडी सणाला घरात येते व लगेच गाडीवर चढते.

गोधडी शिवण्याचा काळही या चक्राने बांधला गेला. कोरडवाहू शेतकरी कुटुंबात सुगीनंतरचे महिने शिवणाचे असत. वर्षातील पाच-सहा महिने फडात गेल्यावर तोडणी कामगार स्त्रीच्या वाट्याला परतल्यानंतरचे उन्हाळ्याचे काही आठवडेच उरतात आणि तेही पेरणीपूर्व मशागतीच्या, लग्नकार्यांच्या व पाणी भरण्याच्या कामांत विभागले जातात. ज्या स्त्रीला गोधडीची सर्वाधिक गरज आहे तिलाच ती शिवायला सर्वांत कमी वेळ आहे, हा विरोधाभास येथे दिसून येतो.

श्रमाचे मोल :

गोधडीत किती श्रम असतात याचा हिशोब मांडता येतो. पावणेसात फूट लांब व चार फूट रुंद म्हणजे ८१ इंच बाय ४८ इंचांची गोधडी घेऊ. दर इंचाला एक ओळ धरल्यास ४८ ओळी होतात. प्रत्येक ओळ ८१ इंचांची. एकूण धावदोरा ३,८८८ इंच, म्हणजे ३२४ फूट किंवा सुमारे ९९ मीटर भरतो. इंचाला तीन टाके धरले तर साडेअकरा हजारांहून अधिक टाके होतात. मिनिटाला दहा टाके या गतीने केवळ धावदोऱ्याला साडेएकोणीस तास लागतात. धुणे, फाडणे, जोडणे, टाचणे व काठ लावणे यांसाठी आणखी चार-पाच तास धरले तर आठ तासांचे तीन पूर्ण दिवस होतात. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने एका साध्या गोधडीची केवळ मजुरी ८९१ रुपये होते. ओळी दाट घेतल्या किंवा नक्षी केली तर हा आकडा दुपटीवर जातो.

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. १९९२ पासून बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने सुरू केला आणि २०११ मध्ये 'उमेद' अभियान आले. बचत गटांच्या प्रदर्शनांतून गोधडी शहरी ग्राहकापुढे गेली. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर २०१३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या घडामोडी स्वागतार्ह आहेत. परंतु 'घरबसल्या फावल्या वेळात केलेले काम' या समजुतीमुळे गोधडीचा भाव ठरवताना टाक्यांचा हिशोब होत नाही. वरील गणित कोणत्याही बचत गटाला करता येईल आणि ग्राहकाशी बोलताना उपयोगी पडेल असे आहे.

तुलनात्मक दृष्टी :

बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातील रल्ली आणि कर्नाटकातील उत्तर कन्नड भागातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही गोधडीची भावंडे होत. कांथेत धावदोऱ्यानेच चित्रे काढली जातात. रल्लीत भौमितिक आकृत्यांवर भर असतो. कवंदी कडेपासून आत तुकडे लावत-शिवत नेतात आणि चार कोपऱ्यांना कापडाची 'फुले' लावल्याखेरीज ती पूर्ण मानत नाहीत. तंत्राचा गाभा मात्र सर्वत्र एकच आहे : जुने कापड, अनेक पदर व धावदोरा.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्यांचे प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व नंतर न्यूयॉर्कमध्ये झाले आणि या गोधड्यांना आधुनिक कलेचा दर्जा मिळाला. पुढे २००७ मध्ये त्यांपैकी काही स्त्रियांना मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. कीर्ती मिळाली म्हणून श्रमाचे मोल आपोआप मिळते असे नाही, हा धडा आपल्याकडेही विसरता कामा नये.

महाविद्यालयीन अध्ययनातील उपयोग :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये भारतीय ज्ञानपरंपरा व क्षेत्रीय प्रकल्प यांना महत्त्व दिले आहे. गोधडी हा या दृष्टीने ग्रामीण महाविद्यालयाला सहज उपलब्ध होणारा विषय आहे. विद्यार्थ्याने आपल्या घरातील एक गोधडी घ्यावी; तिचे माप, पदरांची संख्या, ओळींतील अंतर, कापडाचे प्रकार नोंदवावेत; कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा हे शिवणारीला विचारून लिहावे; शिवल्याचे वर्ष लग्न, बाळंतपण, दुष्काळ अशा घटनांच्या आधारे निश्चित करावे. इतिहास, मराठी, अर्थशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन हे काम करता येईल. सुती लुगड्यांच्या शेवटच्या गोधड्या आज घरोघरी माळ्यावर आहेत आणि त्या शिवणाऱ्या स्त्रिया वृद्ध झाल्या आहेत. ही नोंद पुढे ढकलण्यासारखी नाही.

निष्कर्ष :

१) गोधडी ही ग्रामीण स्त्रीच्या श्रमाची, कौशल्याची व काटकसरीची भौतिक नोंद असून तिचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करता येतो.

२) गोधडीतील कापडाच्या बदलातून हातमाग, गिरणी व कृत्रिम धागा हे वस्त्रोद्योगाचे टप्पे घराच्या पातळीवर वाचता येतात.

३) जुन्या कापडाची मालकी व त्याचा उगम यांत जातिव्यवस्थेचे प्रतिबिंब पडलेले आहे, त्यामुळे गोधडीचे एकांगी उदात्तीकरण टाळले पाहिजे.

४) बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्थलांतराने गोधडीची गरज वाढवली, पण ती शिवण्यासाठी लागणारा वेळ हिरावून घेतला.

५) गोधडी मागे पडण्याची कारणे प्रामुख्याने आर्थिक आहेत. तिचे पुनरुज्जीवन करावयाचे असेल तर टाक्यांच्या हिशोबाने मोबदला देणे ही पहिली अट आहे.

६) पाली व परिसरातील महाविद्यालयांनी घरोघरीच्या गोधड्यांची पद्धतशीर नोंद केल्यास मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाला एक नवे व अस्सल साधन उपलब्ध होईल.